पाणबुड्यांची पादत्राणे
थंड पाण्यात बुडी मारणाऱ्या व्यक्तीच्या पावलांना ऊब व संरक्षण मिळावे आणि त्याच वेळी पायांना लावलेल्या रबरी वा प्लॅस्टिकच्या परांच्या, म्हणजे फिनांच्या, साहाय्याने तिला पोहता यावे, यासाठी वापरण्यात येणारे बूट व मोजे यांचा या नोंदीत विचार केला आहे. या पादत्राणांकडून तीन अपेक्षा असतात : पावलाची उष्णता टिकविणे, खडक, शिंपले, प्रवाळ, समुद्री साळी यांसारख्या टोकदार वस्तूंपासून तळपाय वाचविणे आणि फिनाच्या खोबणीत घट्ट, पण रक्ताभिसरणास अडथळा न आणता बसणे. या अपेक्षा परस्परांना पूरक नाहीत. जाड बूट उबदार असतो, पण फिनात बसत नाही. पातळ मोजा फिनात चपखल बसतो, पण थंडी अडवीत नाही. कठीण तळव्याने खडकावर चालता येते, पण त्याने घोट्याची लवचिकता कमी होते. गेल्या सु. दोनशे वर्षांतील पाणबुड्यांच्या पादत्राणांचा इतिहास हा मुख्यतः या विरोधातून मार्ग काढण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

पाऊल आणि थंडी : पाण्याची उष्णतासंवाहकता हवेच्या सु. २४ ते २५ पट असते. त्यामुळे ज्या तापमानाच्या हवेत माणूस तासन्‌तास सुखाने वावरतो, त्याच तापमानाच्या पाण्यात तो थोड्याच वेळात गारठतो. सागरी पाणी सु. −१·९° से. ला गोठते, म्हणजे ध्रुवीय समुद्रात पाणबुड्याभोवतीचे पाणी द्रवरूप असूनही शून्याखालील तापमानाचे असू शकते. दोन्ही पावलांचे क्षेत्रफळ शरीराच्या एकूण पृष्ठभागाच्या सु. ७ टक्के असते. तथापि त्यांत स्नायू थोडे व अस्थी आणि कंडरा अधिक असल्याने पावलात स्वतःची उष्णता फारशी निर्माण होत नाही. ती मुख्यतः रक्तातूनच येते. शरीर थंड पडू लागले, की छाती व उदर यांतील महत्त्वाच्या इंद्रियांची उष्णता राखण्यासाठी हातापायांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. शरीराच्या दृष्टीने हा बचाव असला, तरी त्याची किंमत पावलांना मोजावी लागते. ब्रिटिश वैद्यक सर टॉमस लूइस यांनी १९३० मध्ये दाखवून दिले, की अतिशीत पाण्यात बुडविलेल्या बोटांतील आकुंचित रक्तवाहिन्या काही मिनिटांनी पुन्हा विस्फारतात आणि हे आवर्तन चालू राहते. ही प्रतिक्रिया हाताच्या बोटांपेक्षा पायाच्या बोटांत क्षीण असते आणि सर्व शरीरच थंड झालेले असल्यास ती आणखी मंदावते. घट्ट बुटामुळे तिला यांत्रिक अडथळाही होतो.

पाऊल गोठण्याच्या कितीतरी आधी निकामी होऊ शकते. प्रथम वेदना होतात, मग बधिरता येते. बधिर पावलाला फिन सैल झाला आहे किंवा निसटला आहे हे कळत नाही. गारठलेल्या पोटरीत व तळपायात पेटके येतात आणि प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्यास ते प्राणघातक ठरू शकतात. दीर्घकाळ थंड व ओल्या अवस्थेत राहिलेल्या पावलातील मज्जातंतूंना व केशवाहिन्यांना गोठण्याशिवायही इजा होते. पहिल्या महायुद्धात १९१४-१५ च्या हिवाळ्यात पश्चिम आघाडीवरील चिखलाने भरलेल्या खंदकांत हजारो सैनिकांचे पाय या विकाराने जायबंदी झाले व त्यावरून त्यास ‘खंदकपाद’ असे नाव पडले. दुसऱ्या महायुद्धात उत्तर अटलांटिक महासागरात बुडालेल्या जहाजांवरील खलाशांना जीवरक्षक नावांत अनेक दिवस थंड पाण्यात पाय ठेवून बसावे लागले. त्यांच्यातही हाच विकार आढळून आला. दोन्ही प्रसंगांतील अनुभव असा, की ओलावा व थंडी यांच्या जोडीला घट्ट पादत्राण व निश्चलता असल्यास हानी वाढते. पाणबुड्याचा बूट निवडताना हा अनुभव उपयोगी पडतो.

शिशाच्या तळव्यांचे बूट : एकोणिसाव्या शतकातील पाणबुड्या पोहत नसे, तो समुद्रतळावर चालत असे. लंडनमध्ये स्थायिक झालेले जर्मन अभियंते ऑगस्टस झीबे यांनी सु. १८३७ मध्ये धातूचे शिरस्त्राण जलाभेद्य पोशाखाला पूर्णपणे जोडून बंदिस्त पोशाख सिद्ध केला. इंग्लंडमधील स्पिटहेड येथे १७८२ मध्ये बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेचे अवशेष काढण्याचे काम कर्नल चार्ल्स पॅस्ली यांच्या नेतृत्वाखाली १८३९ ते १८४३ या काळात झाले व त्यात या पोशाखाची कसोटी लागली. या कामावरील अनुभवी पाणबुड्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाला ‘संधिवात व सर्दी’ यांचा पुनःपुन्हा त्रास झाल्याचे नमूद करण्यात आले. ही सांधेदुखी बव्हंशी दाब झपाट्याने कमी झाल्यामुळे होणाऱ्या विकाराची असावी, असे पुढील काळात मानले गेले. परंतु तत्कालीन लोकांनी तिचे खापर थंडीवर फोडले, यावरून थंडीची धास्ती किती होती, हे लक्षात येते.

पोशाखात वरून पंपाने हवा सोडलेली असल्याने तो फुगून वर येऊ पाही. म्हणून छातीपाठीवर वजने आणि पायांत शिशाच्या तळव्यांचे बूट बांधीत. अमेरिकी नौदलाने १९१६ च्या सुमारास स्वीकारलेल्या ‘मार्क ५’ या पोशाखातील प्रत्येक बूट सु. ८ किग्रॅ., शिरस्त्राण सु. २५ किग्रॅ. व कमरेचा वजनपट्टा सु. ३८ किग्रॅ. वजनाचा होता, संपूर्ण साज ८५ किग्रॅ. हून अधिक भरे. बुटाचे वजन केवळ बुडण्यासाठी नव्हते. पोशाखातील हवा पायांकडे गेल्यास पाणबुड्या उलटा होऊन पाय वर, डोके खाली अशा स्थितीत पृष्ठभागाकडे फेकला जाण्याचा धोका असे. जड बूट पाय खाली ठेवून तो टाळीत. उष्णतारोधनाच्या दृष्टीने ही व्यवस्था समाधानकारक होती. पाऊल पोशाखाच्या आत कोरडे राही, त्यावर लोकरीच्या मोज्यांचे एकावर एक थर चढविता येत आणि मोज्यांच्या तंतूंत अडकलेली हवा उष्णता राखी. चामडे व शिसे यांमुळे गंजलेले लोखंड आणि खडक यांपासूनही बचाव होई. ऊब, संरक्षण व हालचाल यांच्यात येथे झगडा नव्हता, कारण हालचाल म्हणजे केवळ सावकाश चालणे होते. ‘मार्क ५’ पोशाख १९८० नंतरच्या दशकापर्यंत अमेरिकी नौदलाच्या वापरात होता.

फिनांचा उदय : पोहणाऱ्याच्या पायांना रुंद पाते जोडण्याची कल्पना जुनी आहे. बेंजामिन फ्रँक्लिन यांनी बालपणी हातांत धरावयाची लाकडी पाती बनविली होती आणि तळपायांनाही खडावांसारखे साधन बांधून पाहिले होते. परंतु पोहताना पाण्यास रेटा केवळ तळपायाने दिला जात नाही, तर पावलाच्या आतल्या बाजूने व घोट्यानेही दिला जातो, असे आढळल्यावरून त्यांचे पायांतील साधनाने समाधान झाले नाही. हे निरीक्षण मोलाचे आहे. पायाचे पोहणे घोट्याच्या हालचालीवर अवलंबून असते. जे पादत्राण घोटा जखडते, ते पोहणेही जखडते.

आधुनिक फिनाचे श्रेय फ्रेंच नौदलातील अधिकारी ल्वी द कॉर्लिय यांना देतात. त्यांनी १९१४ मध्ये आपल्या साधनाचे प्रात्यक्षिक दाखविले, १९२४ मध्ये या कामास वाहून घेण्यासाठी नौदल सोडले आणि १९३३ मध्ये एकस्व मिळविले. ओवेन चर्चिल या अमेरिकी नौकाशर्यतपटूने, ज्याला १९३२ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिक सामन्यांत सुवर्णपदक मिळाले होते, द कॉर्लिय यांच्याकडून परवाना घेऊन १९४० मध्ये अमेरिकेत रबरी फिनांचे उत्पादन सुरू केले. पहिल्या वर्षी एक हजार जोड्याही खपल्या नाहीत, असे सांगतात. पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी व ब्रिटिश नौदलांनी आपल्या पोहणाऱ्या तुकड्यांसाठी ते घेतले व चित्र पालटले.

फिनामुळे पाणबुड्या समुद्रतळापासून मुक्त झाला. परंतु त्याचे पाऊल पुन्हा उघडे पडले. शिशाचे बूट, लोकरीचे मोजे व कोरडी हवा यांनी मिळून जे संरक्षण दिले होते, ते एकदम नाहीसे झाले. प्रारंभीचे फिन उघड्या पावलावरच चढवीत व टाचेमागे रबरी पट्टा असे. फिनाच्या आत पादत्राण घालण्याची गरज प्रथम थंडीमुळे नव्हे, तर खडकांमुळे तीव्रतेने जाणवली. पॅसिफिक महासागरातील बेटांवर सैन्य उतरविण्यापूर्वी किनाऱ्याची पाहणी व अडथळ्यांचा विध्वंस करणाऱ्या अमेरिकी तुकड्यांना प्रवाळखडकांवरून चालावे लागे. त्यासाठी ते कापडी बूट वापरीत. याउलट यूरोपातील पाण्यात थंडी हाच मुख्य शत्रू होता. ऑक्टोबर १९४२ मध्ये नॉर्वेच्या ट्राँडहेम फ्योर्डमधील ‘टिरपिट्‌झ’ या जर्मन युद्धनौकेवर हल्ला करण्यासाठी पाठविण्यात आलेल्या ब्रिटिश पाणबुड्यांसाठी, तसेच जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील अडथळे दूर करणाऱ्या तुकड्यांसाठी, पाणी आत न येऊ देणारे रबरी पोशाख वापरण्यात आले. या पातळ रबरात स्वतःचे उष्णतारोधन नगण्य होते. ऊब आतील लोकरी कपड्यांची होती. पोशाख फाटला किंवा शिवणीतून पाणी झिरपले, की लोकर भिजून तिचा उपयोग राहत नसे, आणि आत आलेले पाणी साहजिकच प्रथम पायांत साचे.

निओप्रीनचे आगमन : अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीच्या संशोधकांनी १९३० मध्ये शोधून काढलेले निओप्रीन हे कृत्रिम रबर तेल व सूर्यप्रकाश यांना टिकाऊ म्हणून प्रथम उद्योगधंद्यांत वापरात आले. त्याच्या फेसाळ, म्हणजे बंद बुडबुड्यांनी भरलेल्या, प्रकारापासून पाणबुड्यांचा पोशाख करण्याची कल्पना बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकीविज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५१-५२ मध्ये मांडली. हा पदार्थ वापरण्याच्या सूचनेशी विलर्ड बॅस्कम यांचे नाव निगडित आहे. उबदार राहण्यासाठी कोरडे राहण्याची आवश्यकता नाही, हा ब्रॅडनर यांच्या विचाराचा गाभा होता. कातडी व पोशाख यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो. तो शरीराच्या उष्णतेने तापतो व हलला नाही तर तसाच राहतो. खरे रोधन मात्र त्या पाण्याचे नसून निओप्रीनमधील वायूच्या बुडबुड्यांचे असते. अशा पोशाखास वेट सूट म्हणतात. तो फाटला, तरी त्याचा उर्वरित भाग काम करीत राहतो.

हेच तत्त्व पावलास लावून निओप्रीनचे मोजे व बूट तयार झाले. प्रारंभीचे निओप्रीन कातडीला चिकटे व सहज फाटे. म्हणून ते चढविताना शंखजिऱ्याची भुकटी लावीत. पुढे त्याच्या पृष्ठभागांवर नायलॉनचे विणकाम चिकटविण्यात येऊ लागल्यावर ते टिकाऊ झाले. मोज्याला रबरी तळवा, टाचेवर फिनाचा पट्टा अडकून राहील असा उंचवटा आणि घोट्यावर झिप जोडली गेली व आज परिचित असलेला पाणबुड्याचा बूट सिद्ध झाला. त्याची जाडी साधारणतः ३, ५ किंवा ६·५ ते ७ मिमी. असते.

या पदार्थाची एक मर्यादा भौतिक नियमातूनच उद्‌भवते. १० मी. खोलीवर दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट व ३० मी. खोलीवर चौपट होतो. बॉइल यांच्या नियमानुसार बुडबुड्यांतील वायूचे आकारमान त्या प्रमाणात घटते, निओप्रीन चेपले जाते आणि त्याची रोधनक्षमता कमी होते. म्हणजे जेथे पाणी सामान्यतः अधिक थंड असते, तेथेच बूट पातळ होतो. पृष्ठभागावर चपखल बसणारा फिन खोलीवर सैल वाटण्याचे कारणही हेच. टाचेमागील रबरी पट्ट्याऐवजी पोलादी स्प्रिंगचा पट्टा वापरल्यास तो बूट चेपला जाताच आपोआप आखडतो व हा दोष बऱ्याच अंशी दूर होतो.

फिनांचे दोन प्रकार : इटलीतील जेनोआ येथील क्रेसी कंपनीने १९५० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी ‘रोन्दिने’ हा फिन बाजारात आणला. त्याचा अभिकल्प युद्धकाळातील इटालियन पाणबुडे लुईजी फेरारो यांनी केला होता. त्यात टाचेसह सर्व पाऊल बुटाप्रमाणे सामावले जाई. या बंद टाचेच्या फिनात पायाचा जोर पात्यापर्यंत पूर्णपणे पोहोचतो, पट्टा तुटण्याचा प्रश्न नसतो व तो हलकाही असतो. श्वास रोखून बुडी मारणारे आणि भाल्याने मासेमारी करणारे आजही तोच पसंत करतात. मात्र त्याची खोबण ठराविक मापाची असल्याने आत पातळ मोजाच मावतो. मोज्यासाठी एक माप मोठा फिन घेता येतो, पण तळव्याचा बूट त्यात बसत नाही.

दुसरा प्रकार उघड्या टाचेचा होय. त्यात चवड्यासाठी खोबण व टाचेमागे कमीजास्त करता येणारा पट्टा असतो. फ्रान्समधील मार्से येथील झॉर्झ बूशा यांनी १९६४ मध्ये प्रचारात आणलेला ‘जेटफिन’ हा जड रबराचा, पात्यात पाणी जाण्यासाठी फटी ठेवलेला फिन या प्रकारात विशेष प्रसिद्ध आहे. त्याची खोबण प्रशस्त असल्याने जाड बूट घालणाऱ्या पाणबुड्यांत तो अनेक दशके टिकून राहिला. थंड पाण्यातील पाणबुडीत उघड्या टाचेच्या फिनाने बंद टाचेच्या फिनास मागे टाकले, याचे कारण पोहण्याचा वेग नसून बुटाची जाडी हे आहे.

ड्राय सूट व पायांतील हवा : निओप्रीन चेपले जाण्याची अडचण आणि शून्य अंशाजवळील पाणी यांमुळे कोरड्या पोशाखाची, म्हणजे ड्राय सूटची, गरज पुन्हा भासली. स्वीडनमधील पोसायडन कंपनीने १९६० नंतरच्या दशकात ‘युनिसूट’ हा निओप्रीनचा कोरडा पोशाख तयार केला. त्यात अंतराळवीरांच्या पोशाखासाठी विकसित झालेल्या प्रकारची जलाभेद्य झिप वापरली होती आणि हवेच्या टाकीतून पोशाखात हवा सोडण्याची सोय होती. बूट पोशाखालाच जोडलेले असत. अंटार्क्टिकातील मॅकमर्डो परिसरात १९६० नंतरच्या दशकापासून चालू असलेल्या बर्फाखालील शास्त्रीय बुड्या आणि आइसलँडमधील थिंगव्हेट्लिर येथील सिल्फ्रा भेगेच्या २° ते ४° से. च्या पाण्यात हौशी पाणबुडे घेत असलेल्या बुड्या यांमागे हाच कोरड्या पोशाखाचा विकास आहे.

कोरड्या पोशाखाने लोकरी मोजा परत आणला, त्याबरोबर एकोणिसाव्या शतकातील जुना धोकाही परत आला. पाणबुड्याचे डोके खाली व पाय वर झाले, की पोशाखातील हवा पायांकडे धावते. बूट सैल असल्यास तो फुगतो, पाऊल त्यातून वर सरकते आणि फिन निसटून पडतो. फिन गेलेल्या पाणबुड्यास पुन्हा सरळ होणे कठीण जाते व तो अनियंत्रितपणे वर फेकला जाऊ शकतो. अशा वेगाने वर येण्यात फुप्फुस फाटण्याचा तसेच रक्तात व ऊतींत वायूचे बुडबुडे निर्माण होण्याचा धोका असतो. यावर उपाय म्हणून पोटरीवर आवळून बांधण्याचे पट्टे, टाच व पाऊल यांवरून ताणून बसविण्याच्या रबरी दुहेरी फिती आणि घोट्यावर बांधण्याची लहान वजने वापरतात. प्रत्येक घोट्यावरील वजन सामान्यतः ०·५ ते १ किग्रॅ. असते व पुष्कळदा ते शिशाचेच असते. झीबे यांच्या काळातील शिशाचा तळवा गेला, तरी त्याने जे कार्य केले ते अशा रीतीने घोट्याशी शिल्लक राहिले. पोशाखाला जोडलेल्या बुटांना पर्याय म्हणून पोशाखास केवळ मऊ मोजे जोडून वरून बांधावयाचे वेगळे बूट घालण्याची पद्धतीही रूढ आहे. बंदांनी आवळता येत असल्याने असे बूट पायातून निसटत नाहीत. तथापि त्यांचा आकार मोठा असल्याने फिनाची खोबणही मोठी घ्यावी लागते.

समुद्रपृष्ठावरून नळीने हवा पुरविल्या जाणाऱ्या व्यावसायिक पाणबुड्यांची गोष्ट वेगळी आहे. १९७० नंतरच्या दशकात उत्तर समुद्रातील तेलक्षेत्रांच्या विकासाबरोबर जहाजावरून नळीने गरम पाणी सोडून पोशाख व बूट आतून तापविण्याची पद्धती प्रचारात आली. हे पाणबुडे कामानुसार फिन किंवा चालण्याचे बूट वापरतात. जेथे तळावर उभे राहून हत्यारे चालवावयाची असतात, तेथे चालण्याचा जड बूट आजही उपयुक्त ठरतो.

जेजूच्या पाणबुड्या स्त्रिया : पादत्राण व पोशाख यांचा शरीरावर किती खोल परिणाम होतो, हे दक्षिण कोरियातील जेजू बेटावरील ‘हेन्यो’ या स्त्रियांच्या उदाहरणावरून कळून येते. श्वास रोखून बुडी मारून शिंपले व समुद्रशैवले गोळा करणाऱ्या या स्त्रिया पूर्वी सुती कपड्यांत, अनवाणी, हिवाळ्यातील सु. १०° से. च्या पाण्यातही काम करीत. १९६० नंतरच्या दशकात शरीरक्रियावैज्ञानिकांनी केलेल्या अभ्यासांत त्यांच्या शरीराने थंडीशी विशेष जुळवून घेतल्याचे आढळले. तरीही हिवाळ्यात त्यांना पाण्यात थोडाच वेळ राहता येई व बाहेर येऊन शेकोटीशी ऊब घ्यावी लागे. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी वेट सूट व फिन स्वीकारले. पाण्यातील कामाचा काळ अनेक पटींनी वाढला. परंतु काही वर्षांतच पूर्वीची थंडीशी जुळवून घेण्याची विशेष क्षमता लोप पावल्याचे नंतरच्या अभ्यासांत दिसून आले. शरीराची सवय व पोशाखाची ऊब ही परस्परांची जागा घेतात, असा याचा अर्थ होतो. आधुनिक पोशाखात वाढलेल्या पाणबुड्यास थंडीचा सराव आहे, या भरवशावर पातळ पादत्राण निवडणे म्हणूनच सयुक्तिक नव्हे.

निवडीची तत्त्वे : वरील इतिहासावरून निवडीचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम पाण्याचे तापमान व बुडीचा कालावधी, त्यावरून पोशाख, पोशाखावरून बूट आणि सर्वांत शेवटी बुटावरून फिन ठरवावयाचा असतो. व्यवहारात पुष्कळदा नेमके उलट होते. आधी आकर्षक फिन घेतला जातो व मग त्यात बसेल एवढाच बूट शोधला जातो. परिणामी बूट पातळ तरी असतो किंवा फिनात कोंबला तरी जातो.

साधारणतः २४° से. हून उबदार पाण्यात बंद टाचेचा फिन अनवाणी वा पातळ मोज्यासह पुरेसा होतो. त्याखालील तापमानात ३ मिमी. चा, १८° से. च्या खाली ५ मिमी. चा व त्याहून थंड पाण्यात ६·५ ते ७ मिमी. चा बूट उघड्या टाचेच्या फिनासह वापरतात. १०° से. च्या खाली दीर्घ बुडीसाठी कोरडा पोशाख श्रेयस्कर मानतात. हे आकडे मार्गदर्शक आहेत. कृश व्यक्ती, एकाच दिवसातील दुसरी-तिसरी बुडी, बोचरा वारा व बुडीतील निश्चलता यांमुळे गरज वाढते.

बूट पायात घालून उभे राहिले असता टाच वर सरकता कामा नये व पायाची बोटे आत मोकळी हलली पाहिजेत. बोटे हलत नसतील, तर एक मोजा अधिक घातल्याने पाऊल उबदार होण्याऐवजी थंड होते, कारण चेपलेल्या थरांत हवा राहत नाही व रक्तही पोहोचत नाही. वेट सूटबरोबरच्या बुटात याउलट दोषही टाळावा लागतो. बूट फार ढिला असल्यास प्रत्येक लाथेगणिक आतील तापलेले पाणी बाहेर फेकले जाऊन थंड पाणी आत येते. बुटाची वरची कड पोशाखाच्या पायाखाली दडपल्यास ही ये-जा कमी होते. किनाऱ्यावरील खडकांवरून पाण्यात उतरावयाचे असल्यास जाड, खाचा पाडलेला तळवा हवा. होडीवरून थेट उतरणाऱ्यास पातळ, लवचिक तळवा पोहण्यास सोयीचा. तळवा अतिशय ताठ असल्यास पाऊल फिनाच्या पात्याच्या रेषेत ताणता येत नाही व पोटरीवर ताण येतो.

फिन घेताना पाणबुड्याने बुडीच्या वेळचाच बूट, आतील मोज्यांसह, घालून पाहणे आवश्यक असते. चवडा खोबणीत पूर्ण जाऊन बुटाचा तळवा पात्याच्या मुळाशी टेकावा. बाजूंनी दाब जाणवू नये. पाय झटकला असता फिन हलू नये. जाड हातमोज्यांतून पट्टा पकडता व सोडता येतो की नाही, हेही पाहावे लागते, कारण थंडीने हातांची बोटेही बधिर झालेली असतात. निओप्रीनच्या बुटांना पाण्यात उत्प्लावकता असते. हलके, तरंगणारे फिन व जाड बूट एकत्र आल्यास पाय वर उचलले जातात. तेव्हा बुडणाऱ्या जड फिनांची निवड घोट्यावरील वजनांची गरज कमी करते.

कोकण किनाऱ्यावरील मालवण-तारकर्ली परिसरात व गोव्यात हौशी पाणबुडीचे शिक्षण घेणाऱ्यांस थंडीचा प्रश्न क्वचितच जाणवतो. तेथील समुद्राचे तापमान बहुधा २५° से. च्या वर असते. या पाण्यात पादत्राणाचे काम मुख्यतः खडकांवरील धारदार कालवांपासून व समुद्री साळींच्या काट्यांपासून तळपाय वाचविण्याचे असते आणि बंद टाचेच्या फिनांनी काम भागते. मात्र येथे वापरलेले असे फिन थंड प्रदेशात नेल्यास त्यांत तेथील बूट मावत नाही. तेथे जाणाऱ्याने बूट आणि फिन यांची जोडी नव्याने जमवून ती प्रथम उथळ, सुरक्षित पाण्यात वापरून पाहणे हितावह असते. पावलाची बधिरता व पट्ट्याचा सैलपणा हे दोन्ही दोष उथळ पाण्यात किरकोळ गैरसोयीचे ठरतात. खोल व थंड पाण्यात तेच जिवावर बेततात.